आई वाडा घेऊन निघाली ते साल

दिवाळी सरली की बारामती-इंदापूर रस्त्याचा आवाज बदलतो. एरवी एसटीच्या खिडकीतून मोटारसायकली आणि दुधाच्या गाड्या ऐकू येतात. आता त्यात ट्रॅक्टरवरची गाणी मिसळतात, आणि वळणावर उसाच्या ट्रॉलीमागं आमची बस गोगलगायीसारखी सरकायला लागते. सणसरच्या अलीकडं, कालपर्यंत मोकळ्या असलेल्या रानात ऊसतोडवाल्यांच्या कोप्या उभ्या राहतात. पाचटाच्या भिंती, वर निळा नाहीतर काळा कागद. सकाळी मी इंदापूरला दवाखान्यात ड्युटीला जाते तेव्हा तिथल्या चुली धुमसत असतात. एखादी बाई उघड्यावरच पोराच्या डोक्यावर पाणी ओतत असते. थंडी असते, पोर रडत असतं, आणि आमची बस पुढं निघून जाते.

परवा शेजारच्या सीटवरची बाई त्या कोप्यांकडं बघून म्हणाली, "आली बघा ही लोकं. आता उन्हाळ्यापतूर हितंच. ना घर ना दार, नुसतं हिंडायचं."

बाई वाईट नव्हती. थोड्या वेळापूर्वीच तिनं मला सरकून जागा दिली होती. मी म्हटलं, "घर असतं त्यांना. कुलूप लावून येतात."

"तुमाला कसं ठावं?"

"आम्हीपण लावायचो."

तिनं मला एकदा नीट न्याहाळलं आणि पिशवी मांडीवर ओढून घेतली.  इंदापूर येईपर्यंत माझ्या नाकात ओल्या लोकरीचा वास भरून राहिला.

आम्ही मोरगावच्या बाजूचे, मेंढरंवाले. तालुका बारामतीच, पण आमच्याकडं जमीन उन्हाळ्यात तव्यासारखी तापते आणि पावसाळ्यात कशीबशी ओली होते. एकाच तालुक्यात ही गंमत आहे. कालव्याचं पाणी जिथवर पोचलं तिथवर माणसं थांबली, त्यांनी ऊस लावला, बंगले बांधले. जिथं पोचलं नाही तिथली माणसं चालत राहिली. थांबलेल्यांना पुढं वाटायला लागलं की आपण शहाणे म्हणून थांबलो. माझं म्हणणं एवढंच आहे, की पाणी थांबलं म्हणून ते थांबले. त्यात शहाणपण कुणाचं?

दिवाळीनंतर बाजरी निघायची, माळ पिवळा पडायचा, आणि मेंढरं माना वर करून पश्चिमेकडं तोंड करायची. निदान मला तरी तसं वाटायचं. मग आम्ही निघायचो. नीरा नदी ओलांडायची, भोरकडं जायचं, घाट चढून पलीकडं उतरायचं की कोकण. तिथं तेव्हा भात कापून झालेलं असे आणि शेतकरी वाटच बघत असे. मेंढरं रानात बसली की लेंडीखत आपोआप पडतं. पाऊस जवळ आला की परत. चार-पाच घरं मिळून असं निघतात, त्या सगळ्या लवाजम्याला आम्ही वाडा म्हणतो. दगडविटांचा नव्हे, पायांचा वाडा. घोड्याच्या पाठीवर संसार: भांडी, गोधड्या, पिठाचं गाठोडं, त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि पिशवीतून डोकं काढणारी दोन-चार दिवसांची कोकरं. मी लहान होते तेव्हा त्या कोकरांशेजारी बसून गेले आहे. एका बाजूनं त्यांची ऊब, दुसऱ्या बाजूनं पितळी तांब्या बरगडीला लागायचा.

मला आठवतं ते साल मात्र मी चालत केलं. सातवीत होते.

त्या वर्षी माझ्या वडिलांना, दादांना, बारामतीत एका कंपनीच्या गेटावर वॉचमनची नोकरी लागली. निळा शर्ट, शिट्टी, पायांत बूट. दिवाळीला ते तोच शर्ट घालून घरी आले. मला त्यांचा अभिमान वाटला होता, हे खरं. अंगणात बसून ते आईला म्हणाले, "मेंढरं इकून टाकू. बारामतीत खोली बघतो. कमळीची शाळा बी मोडायची न्हाय."

आई ज्वारी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवून माझ्याकडं बघितलं. "कमळी शिकंल. पर मेंढरं इकायची न्हाईत."

"मग राखायची कुणी?"

"मी."

ओट्यावर बिरूतात्या बसले होते. दादांचे थोरले चुलतभाऊ, आमच्या वाड्याचे म्होरके. वाट कुठली, मुक्काम कुठं, हे तेच ठरवायचे. ते हसले. "हौसा, बाईमाणसानं वाडा न्हेल्याचं मी तरी ऐकलं न्हाय."

"मग आता ऐका," आई म्हणाली.

तात्यांचं हसू गेलं. ते उठले, टोपी झटकली. "आमच्या वाड्यात तुजी मेंढरं न्हाईत. सांगून ठेवतो. वाटंत काय झालं तर जाब कोण देणार?"

दादा काही बोलले नाहीत. बोलायला हवं होतं असं मला तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या एसटीनं बारामतीला गेले. जाताना मला म्हणाले, "आईला सांभाळ." मी आईला सांभाळायचं!

तात्यांचा वाडा पुढं निघून गेला आणि त्यामागून आम्ही निघालो: आई, माझी विधवा ठकूआत्या, मी, एक म्हातारं घोडं, एक कुत्री आणि आमची मेंढरं. माझं दप्तर घोड्यावर चढलं. वेशीवर कुणीतरी ओरडलं, "दोन बायका अन् एक पोरगी, ह्याला वाडा म्हणत्यात व्हय?" ठकूआत्या मागं वळून म्हणाली, "न्हाय, ह्याला वरात म्हणत्यात. येतोस का नाचायला?"

आम्ही हसत हसत गावाबाहेर पडलो. माळ संपेपर्यंत आई मात्र एकदाही मागं वळली नाही. तिचे खांदे ताठ होते, आणि ते तसे ठेवायला तिला किती जोर लागत असेल हे मला फार उशिरा कळलं.

तो प्रवास मला सलग आठवत नाही. तुकडे आठवतात. नीरेच्या पुलावर ट्रकचा हॉर्न आणि मेंढरांचा एकदम उठलेला कल्ला. उसाच्या रानाकडेनं जाताना कुणी दगड मारेल म्हणून आम्ही तिघी धरून असलेला श्वास. संध्याकाळी वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, ताणताना तळहाताला लागणारा दोर. शिरवळच्या पुढं मोठा रस्ता ओलांडायचा होता. गाड्या थांबेनात, तेव्हा ठकूआत्या घोंगडी अंगावर घेऊन सरळ रस्त्याच्या मधे जाऊन उभी राहिली. गाड्या थांबल्या. एक ड्रायव्हर शिव्या देत होता. आत्या त्याला हात जोडत होती आणि जागची हलत नव्हती.

पाण्याला गेलं की विहिरीवरच्या बाया विचारायच्या, "बापय माणूस कुठाय तुमचा?"

सुरुवातीला आई सांगायची, "मागनं येतोय."

काही मुक्काम झाले आणि तिला त्या खोट्याचा कंटाळा आला. एका विहिरीवर तिनं कळशी डोक्यावर घेत सांगितलं, "कुणी येत न्हाय. आमीच हाय." त्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. मग त्यांतली एक म्हातारी आमच्यामागं मुक्कामावर आली, पदराआडून कालवणाचं भांडं काढून ठेवलं, आणि निघून गेली. त्या दिवसापासून आईनं कुणाला खोटं सांगितलं नाही.

सातवीचं वर्ष माझं बुडालं. पुढच्या वर्षी मी परत त्याच वर्गात बसले, धाकट्या पोरींबरोबर. मला त्याचं काहीच वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी रडले होते. स्थलांतराची किंमत पोरं भरतात, हे मला कुणी शिकवायला नको. पण म्हणून निघणारी माणसं अडाणी, त्यांना पोरांचं पडलेलं नाही, असं कुणी म्हटलं की माझं डोकं सणकतं. माझी आई चालता चालता मला पाढे म्हणायला लावायची. चुकलं तर तिला कळायचं नाही, पण मी अडखळले की कळायचं, आणि ती म्हणायची, "पुन्ना."

भोर सोडलं की घाटाच्या पायथ्याला एक मुरमाड माळ होता. घाट चढण्याआधी वाडे तिथंच टेकायचे. आजोबांच्या आधीपासून. तिथवर पोचलो तेव्हा दुपार होती, आणि लांबूनच कल्ला ऐकू येत होता.

माळाला तारेचं कुंपण पडलं होतं. मोठं लोखंडी गेट, आणि शेजारी बंगल्यांची रंगीत चित्रं असलेला बोर्ड. तात्यांचा वाडा आदल्या दिवसापासून रस्त्याच्या कडेला अडकून पडला होता. मेंढरं भुकेनं ओरडत होती, घोडी बिथरली होती, येणारी जाणारी वाहनं हॉर्न मारत होती. बिरूतात्या गेटावरच्या वॉचमनशी भांडून भांडून घसा बसवून बसले होते.

"माझ्या बापजाद्यांची वाट हाय ही!"

"असंल की. पण आता मालकाची हाय," वॉचमन म्हणत होता. बारीक माणूस. निळा शर्ट. गळ्यात शिट्टी. मी त्याच्याकडं बघतच राहिले. दादा इथं असते तर असेच दिसले असते.

आईनंही बघितलं असणार. तात्यांना बाजूला करून ती गेटाशी गेली. भांडायच्या सुरात नाही, पाहुण्याला विचारावं तसं तिनं विचारलं, "तुजं गाव कंचं रं?"

तो दचकला. "नांदेडकडं, माय."

"एवढ्या लांब?"

"पाऊस न्हाई. काम न्हाई. काय करावं?"

"लेकरं?"

"गावाकडंच हायेत. मायपाशी." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "मला जनावर आत घेऊ नको म्हणून सांगितलंय. घेतलं तर उद्या मी हितं न्हाई."

"गेट उघडू नको," आई म्हणाली. "तुजी भाकर घालवून मला फुडं जायाचं न्हाय. नुसतं येवढं सांग, ही तार कुठपतूर जाती?"

"वड्यापतूर. वड्याच्या पल्याड रान हाय. तिकडं म्या कधी गेलो न्हाई."

"मी जाते."

तात्या मागून ओरडले, "येडी हायस का? तिकडं वाट न्हाय!"

"असंल," आई म्हणाली. "न्हायतर करू."

मेंढरं आत्याच्या हवाली करून आम्ही दोघी तारेच्या कडेनं निघालो. ओढा कोरडा होता, धोंड्यांनी भरलेला. आई पुढं, काठीनं करवंदीच्या जाळ्या बाजूला सारत. माझ्या पोटऱ्यांवर काटे ओढले जात होते आणि मी ते आईला सांगत नव्हते. एका जागी ती थांबली, वाकली, आणि वाळलेलं शेण बोटानं उकरलं.

"गुरं येत्यात हितनं," ती म्हणाली. "गुरं चढत्यात म्हंजी वर कुठंतरी गवत हाय, अन् गवतापतूर वाट हाय."

आम्ही चढलो. दोनदा वाट संपली, दोनदा मागं फिरलो. तिसऱ्यांदा एका खिंडीतून वर आलो आणि पुढची जमीन एकदम संपली. खाली धुकट निळसर उतार, खूप खाली कापलेल्या भाताचे चौकोन, आणि वर येणारा दमट, ओला वारा. कोकण. मी ते आधीही पाहिलं होतं, पण घोड्यावरून, मोठ्यांच्या मागं. या बाजूनं कुणीच पाहिलं नव्हतं. निदान आमच्यातल्या कुणी नाही.

आई एका दगडावर बसली. पदरानं तोंड पुसलं. आणि अचानक हसायला लागली, एकटीच, खांदे हलवत, तोंडावर हात ठेवून. इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला असं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

शाळेत आम्हाला शोध लावणाऱ्यांचे धडे होते. जहाजं, नकाशे, दाढीवाली माणसं. त्यांच्या नावानं समुद्र आणि बेटं आहेत. त्या खिंडीला माझ्या आईचं नाव नाही, आणि तिला ते नकोही होतं. तिला मेंढरं पलीकडं न्यायची होती. मला वाटतं बहुतेक वाटा अशाच सापडल्या असतील, कुणाच्या तरी जनावरांना भूक लागली म्हणून. नावं मागाहून आलेल्यांनी दिली.

खाली आल्यावर तात्यांनी विचारलं, "बघितलीस का सगळी? पार वरपतूर?"

"बघितली. माझ्या मागनं या, न्हायतर बसा हितंच हॉर्न ऐकत."

आमची मेंढरं पुढं लागली. गारा पडाव्यात तसा धोंड्यांवर खुरांचा आवाज उठला. आत्या मागून हाळ्या घालत होती. अर्धा ओढा चढून गेल्यावर मी वळून पाहिलं. तात्यांची मेंढरं ओढ्यात उतरत होती, आणि तात्या टोपी काढून, मान खाली घालून चढत होते. गेटावरचा तो नांदेडचा माणूस कुंपणापाशी येऊन आमच्याकडं बघत उभा होता. आईनं त्याला वरूनच हात केला. त्यानंही केला.

तात्यांनी तोंडानं काही कबूल केलं नाही. पण घाटाखालच्या पहिल्या मुक्कामाला त्यांनी आपली वाघर आमच्या वाघरीला लागून ताणली, आणि चहा पिताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "हौसा, उद्या कुठं टाकायचा मुक्काम?" आईनं सांगितलं. ते सगळ्यांनी ऐकलं. तिथून पुढं परत येईपर्यंत असंच झालं.

कोकणातले ते महिने मला चवीनं आठवतात. गरम पेज, तिच्यावर सुकटीची चटणी. आम्ही बाजरी आणि घोंगड्या न्यायचो, तांदूळ आणि सुकट आणायचो. मोरगावच्या आमच्या चुलीवर आजही भाकरीशेजारी सुकट असते ती या पायवाटेनं आलेली आहे. कोकणातल्या एका घरात दारामागच्या खुंटीवर आमच्या आत्यानं दिलेली घोंगडी होती, आणि त्या घरातलं प्रत्येक बाळ तिच्यात गुंडाळलं जायचं. आईच्या बोलण्यात तिकडचे शब्द आले, तिकडच्या पोरी आमच्या ओव्या म्हणायला लागल्या. कुणी चाललंच नसतं, तर कुठल्याच घरात दुसऱ्या मुलखाचं काही नसतं.

पावसाआधी आम्ही परत आलो तेव्हा दादा मोरगावच्या एसटी स्टँडवर उभे होते. कुणीतरी सांगितलं असणार. त्यांनी मेंढरांवरून नजर फिरवली, घोड्याच्या मानेवर हात ठेवला, मला जवळ घेतलं. आईकडं बघेनात. घरी आल्यावर ती त्यांना त्या वॉचमनबद्दल सांगायला लागली तसे ते एकदम चिडले. "मी गेटावर उभा राहतो म्हणून मला हलका समजतीस व्हय?"

"न्हाय समजत," आई म्हणाली. "तुमी बी घर सोडलंच की. मी मेंढरांमागं गेले, तुमी गेटाकडं गेलासा. पोटानं दोघांना बी हलवलं. पर मी जाते ते माज्या मर्जीनं जाते. मला जाऊ नको म्हणू नका."

दादांनी बोटातली बिडी न पेटवताच कानामागं खोचली. मग म्हणाले, "घोडं म्हातारं झालंय. दुसरं बघाया पायजे."

त्यांनी नोकरी सोडली नाही. आईनंही वाट सोडली नाही. गुडघ्यांनी साथ दिली तोवर ती दर वर्षी गेली, आणि आता आत्याची सून जाते, त्याच खिंडीतून. मी शिकले, नर्स झाले, बारामतीत एका सोसायटीत राहायला आले. मीही निघालेच की.

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची पार्किंगमध्ये मीटिंग झाली. भिंतीपलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर ऊसतोडवाल्यांच्या चार कोप्या पडल्यात. कोपऱ्यातल्या बंगल्यातले काका म्हणाले, "प्लॉटच्या मालकाला सांगून हे हलवायला पाहिजे. बाहेरची माणसं. आपल्या नळावर पाणी भरतात. चोऱ्या झाल्या तर?"

माना हलल्या. मी उभी राहिले.  "काका, तुम्ही कुठले?"

"मी? बावड्याचा. त्याचा काय संबंध?"

"बारामतीत का आलात?"

"पोरांच्या शिक्षणासाठी."

"म्हणजे बाहेरचेच. मीपण. इथं जन्मलेलं कोण आहे? हात वर करा."

एक हात वर आला, तोही वॉकरमधल्या बाळाचा, त्याच्या आईनं गमतीनं धरून वर केलेला. काहीजण हसले. समोरच्या शेख चाची कापडाचं दुकान चालवतात. त्या म्हणाल्या, "माझे सासरे इंदापूरहून सायकलला कापडाचं गाठोडं बांधून आले. पहिली रात्र स्टँडवर झोपले. त्यांना कुणी हलवलं असतं, तर आज तुमच्या पोरींच्या लग्नाचे शालू कुणी दिले असते?"

काका तापले. "भावनेवर सोसायटी चालत नाही. सिस्टर, तुमचा त्या लोकांशी संबंध काय?"

"मी त्यांच्यातलीच आहे," मी म्हटलं. "कोपीऐवजी कापडाचं पाल होतं, एवढाच फरक."

ठराव झाला नाही, पण मनंही बदलली नाहीत. कोप्या राहिल्या. सोसायटीच्या नळाला मात्र दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं. संध्याकाळी ड्युटीवरून येताना मी बाजारातून लांब पाइप आणला, माझ्या मागच्या अंगणातल्या नळाला जोडला आणि भिंतीवरून पलीकडं सोडला. पलीकडून एका बाईनं तो धरला. तिनं विचारलं, "बाई, कुनी बोलंल का तुमाला?"

"बोलू दे," मी म्हटलं. "भरा तुम्ही."

काका आता माझ्याशी बोलत नाहीत. गेटात भेटले की मोबाइलमध्ये बघतात. परवा कुणीतरी निरोप दिला, की भिंत सोसायटीची आहे, तिच्यावर पाइप टाकता येत नाही. पाणी माझ्या मीटरचं आहे, आणि पाइप अजून भिंतीवरच आहे. ज्यांना तो काढायचा असेल त्यांनी दिवसाउजेडी यावं, बेल वाजवावी आणि मला तोंडावर सांगावं. रविवारी मी घरीच असते.